तवानगी : दुष्काळविषयक लेखनाचें एक परीक्षण

आपल्या भाषेंत दुष्काळाचे जे वृत्तांत लिहिले गेले आहेत, त्यांचा शेवट बहुधा दोहोंपैकीं एका रीतीनें होतो. एक तर पाऊस पडतो, किंवा कोणी उदार पुरुष धान्याचें कोठार उघडतो. तेवढ्यावर लेखक लेखणी खालीं ठेवतो आणि वाचकहि निःश्वास टाकून पान उलटतो. परंतु ज्या गांवीं बैल मेले, बियाणें खाऊन संपलें, निम्मीं घरें दाराला कडी लावून परागंदा झालीं, त्या गांवानें पाऊस पडल्यावर शेत कशानें नांगरलें व त्यांत काय पेरलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः गांव राहिलें कीं मोडलें याचा निकाल दुष्काळाच्या पुढील दोनचार वर्षांत लागतो. या एका कसोटीवर कांहीं जुनें व कांहीं अलीकडील लेखन तपासून पाहावें, या हेतूनें हें परीक्षण लिहिलें आहे.

तपासणीची भूमि म्हणून आम्हीं जालना जिल्हा घेतला आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं तेव्हांच्या औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे तालुके काढून बनविण्यांत आला. म्हणून त्यापूर्वींच्या साधनांत जिल्हा शोधूं जातां तो सांपडावयाचा नाहीं. त्याचीं गांवें व परगणे शोधावे लागतात. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरओळी, दक्षिणेस गोदावरी, आणि मध्यें पूर्णा व दुधना यांचीं खोरीं, अशी याची ठेवण आहे. वार्षिक पर्जन्य सरासरीनें सातशें मिलिमीटरच्या आंतबाहेर सांगतात. परंतु सरासरी ही गणित करणाराची सोय आहे, कुणब्याची नाहीं. एका वर्षीं दीडपट व दुसऱ्या वर्षीं निम्मा पाऊस पडला तरी सरासरी उत्तमच दिसते. मधल्या वर्षीं मेलेला बैल मात्र त्या सरासरीनें उठून उभा राहत नाहीं.

आमचें अध्ययन संस्कृतांत झालेलें असल्यामुळें मापाची काठी तेथूनच घेतों. प्राचीनांनीं पिकांवरील संकटांस ‘ईति’ असें नांव देऊन त्या सहा मोजल्या : अतिवृष्टि, अनावृष्टि, उंदीर, टोळ, पोपट, आणि सहावे शेजारचे राजे. राजांस उंदरांच्या पंक्तीस बसविणारी ही गणना कोणी विनोदानें केलेली नाहीं. मराठींतील ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी तोच विचार फारशी पेहरावांत सांगते. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांतील तिसऱ्या अध्यायांत दैवी आपत्तींचे प्रतिकार दिले आहेत. दुर्भिक्षावरील त्याच्या उपायांपैकीं चार येथें पुरेत. पहिला, प्रजेस बीज व अन्न यांचें साहाय्य; दुसरा, अन्नाच्या मोबदल्यांत दुर्गांचीं व बंधाऱ्यांचीं कामें; तिसरा, असेल तें अन्न वांटून घेणें; आणि चौथा, जेथें पीक आलें आहे अशा अन्य प्रदेशीं लोकांसह जाणें. पहिल्या उपायांत बीज व अन्न हीं एकाच समासांत आलीं आहेत. समासाच्या क्रमावर फार भार देऊं नये. परंतु अन्नाशेजारीं बीज ठेवणारा ग्रंथकार पुढील वर्षाचा विचार करीत होता, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां ही काठी घेऊन प्रथम दामाजीपंतांच्या कथेकडे वळूं. महीपतीच्या १७६२ च्या भक्तविजयामुळें ही कथा घरोघर पोंचली. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्यानें दुष्काळांत सरकारी धान्य लोकांस लुटविलें, बेदरच्या बादशहाचा कोप झाला, आणि विठोबानें महाराचें रूप घेऊन धान्याची किंमत दरबारांत भरली व पावती घेतली. कथेचें भक्तिमाहात्म्य आम्हांस मान्यच आहे. परंतु इतिहासाच्या अंगानें पाहतां तिच्यांतील एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिच्यांत सरकारचें येणें एका दाण्यानेंहि कमी झालेलें नाहीं. देवालाहि तें पुरतें भरावें लागलें व पावती घ्यावी लागली. दुष्काळांत सारा सुटावा, ही कल्पनाच कथेच्या जगांत नाहीं. चार उपायांपैकीं अन्नवांटपाचा तेवढा उपाय तिच्यांत आहे. बियाण्याचा, कामाचा वा सुटीचा मागमूसहि नाहीं.

याच्या उलट ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत दुर्गादेवीच्या दुष्काळाविषयीं जें नोंदलें आहे तें पाहावें. दुष्काळाचा आरंभ तो १३९६ त धरतो व लोकपरंपरेप्रमाणें त्याची मुदत बारा वर्षांची देतो. दामाजीपंतांचा काळ सामान्यतः याच्या अर्धशतकानंतरचा मानतात. तेव्हां दोन्ही दुष्काळ एकच समजण्याची चाल सोडून द्यावी हें बरें. बारा वर्षांची मुदतहि अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु ग्रँट डफ पुढें जी हकीकत देतो ती या विषयांत अमोल आहे. देश ओसाड पडून कित्येक वर्षें वसूलच येईना, तेव्हां १४२९ च्या सुमारास बहामनी दरबारानें व्यवस्था लावण्यास माणसें पाठविलीं व त्यांत दादो नरसू काळे हा जाणता ब्राह्मण होता. जुने वतनदार नाहींसे झालेले, शिवा कोणास ठाऊक नाहींत. म्हणून दोनतीन गांवांचें एक गांव करण्यांत आलें, आणि जो कोणी कसावयास पुढें येईल त्यास जमीन देण्यांत आली. पहिल्या वर्षीं सारा मुळींच नाहीं. दुसऱ्या वर्षीं बिघ्यास घोड्याच्या तोबऱ्याएवढें धान्य.

दामाजीपंतांचें नांव महाराष्ट्रांत लेकरूंहि जाणतें. दादो नरसूचें नांव पदवीधरासहि विचारावें लागतें. पहिल्यानें माणसें वांचविलीं असें कथा म्हणते, दुसऱ्यानें गांवें पुन्हा वसविलीं असें परंपरा म्हणते. दोन्हींस समकालीन कागदाचा आधार सारखाच तोकडा असतां एकच स्मरणांत राहावी, यावरून आपल्या स्मृतीचा कल कोणीकडे आहे तें कळून येतें.

१६३० ते १६३२ च्या दुष्काळाची साधनें याहून भक्कम आहेत. शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी दख्खन व गुजराथ यांतील उपासमारीचें वर्णन हातचें राखून करीत नाहीं. मग तो बादशहाच्या औदार्याकडे वळतो. बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथें लंगर उघडले. बऱ्हाणपुरास दर सोमवारीं ५,००० रुपये याप्रमाणें वीस सोमवार वांटले. अहमदाबादेस ५०,००० रुपये दिले. आणि खालसा मुलखाच्या वसुलांत सुमारें ७० लक्ष रुपयांची सूट दिली. आंकडा मोठा वाटतो खरा. परंतु तोच लेखक सांगतो कीं ही सूट वसुलाच्या अकराव्या हिश्शाइतकी होती. म्हणजे ज्या मुलखांत माणसास माणूस ओळखीना, तेथें अकरांपैकीं दहा हिस्से येणें कायमच धरलें होतें. आधुनिक इतिहासकारांनीं हा दोष दाखविला आहे व तो यथार्थ आहे. आम्ही त्यांत इतकीच भर घालतों कीं, लंगर होते ते शहरीं. बादशहा बऱ्हाणपुरास आला होता तो दख्खनच्या स्वारीसाठीं. एवढ्या सैन्याचा दाणावैरण अखेर त्याच दुष्काळी प्रदेशावर पडणार. आकाश कोरडें पडलें असतां शेजारचे राजेहि उठले होते. दौलताबादचा किल्ला मोगलांनीं १६३३ त घेतला. तोंपर्यंत त्याच्या पूर्वेकडील जालन्याच्या बाजूस शेतकऱ्यास स्वस्थता कोठून असणार?

याच मुलखांतील एक साक्ष अनेक इतिहासलेखकांनीं पुढें आणली आहे. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम, जन्म १६०८. परंपरेप्रमाणें टाकळी येथील बारा वर्षांचें अनुष्ठान संपवून ते १६३२ त देशाटनास निघाले, म्हणजे त्यांनीं पाहिला तो देश दुष्काळांतून नुकताच उठत होता. ‘अस्मानी सुलतानी’ व ‘परचक्रनिरूपण’ या त्यांच्या नांवावरील लघुप्रकरणांत देशाच्या नागवणुकीचें चित्र आहे. तीं वाचून अंगावर कांटा येतो. तथापि त्यांत सनावळी नाहीं. तेव्हां त्यांस १६३० च्या दुष्काळाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून उभें करणें साधनचिकित्सेस धरून होणार नाहीं. शिवाय तीं प्रकरणें काय गेलें तें सांगतात. मागें काय उरलें व त्यावर कोणी काय उभारलें, हें सांगणें त्यांचा उद्देश नव्हे. कवीकडून ताळेबंदाची अपेक्षा करणें हा वाचकाचा दोष होय.

ताळेबंद पाहावयाचा तर कारभाराच्या कागदांकडे जावें लागतें. शिवाजी महाराजांचें ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास गेलेलें पत्र सुप्रसिद्ध आहे. तें कोंकणच्या सुभ्याचें असलें, तरी मोडलेला कुणबी उभा कसा करावा याचें इतकें नेमकें विवेचन दुसरीकडे आम्हांस आढळलें नाहीं. सुभेदारानें गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे; ज्याच्या घरीं राबतीं माणसें आहेत पण बैल नाहींत, त्यास बैलांपुरते रोख पैसे द्यावे; पोटास दाणे द्यावे; आणि हें येणें वाढीदिढी न धरतां, त्यास बळ येईल तसतसें, मुद्दलापुरतेंच हळूहळू वसूल करावें, असा त्याचा आशय आहे. सभासदाच्या बखरींतहि नव्या रयतेस गुरें, बियाणें व खावयास दाणे देऊन दोनचार वर्षांनीं ऐवज उगवून घेण्याची रीति सांगितली आहे. बीज व अन्न ही कौटिल्याची जोडी येथें पुन्हा भेटते.

या पत्रांत कुणब्याच्या त्या बळास जो शब्द योजिला आहे तो ‘तवानगी’. फारशी ‘तवान’ म्हणजे सामर्थ्य. आपला ‘ताजातवाना’ त्याच कुळांतला. संकटांतून सावरण्याच्या शक्तीला हल्लीं विद्वान लोक नाना जड प्रतिशब्द घडवीत असतात. तीनशें वर्षांपूर्वींच्या कारकुनाच्या लेखणीला तो सहज सुचला होता. ‘तगाई’ हा शब्दहि बळ देणें या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. ‘इस्तावा’ म्हणजे पडीत जमिनीवर पहिल्या वर्षीं नाममात्र सारा घेऊन तो वर्षोंवर्षीं चढवीत पूर्ण धाऱ्यास नेण्याचा कौल. या तीन शब्दांत जुन्या कारभाराचें दुष्काळोत्तर शास्त्र सांठलेलें आहे : बळ किती उरलें तें पाहावें, बळ द्यावें, आणि बळ येईपर्यंत थांबावें.

येथें पक्षपात होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पत्रानंतर तीन वर्षांनीं, नोव्हेंबर १६७९ मध्यें, महाराजांच्याच फौजेनें जालन्याची मोगली पेठ लुटली. प्रभावळीच्या कुणब्यास जो राजा तगाई देणारा, तो जालन्याच्या उदम्यास त्या चार दिवसांपुरता शेजारचा राजा होता. राजनीतीच्या दृष्टीनें या स्वारीचें समर्थन करतां येईल व केलेंहि गेलें आहे. परंतु तवानगीचा इतिहास लिहावयाचा तर तो ज्या गांवाचा लिहावयाचा त्या गांवाच्या वेशींत उभें राहूनच लिहिला पाहिजे.

आतां अर्वाचीन लेखनाकडे येऊं. १९७० ते १९७३ च्या महाराष्ट्रांतील अवर्षणावर पुष्कळ लिहिलें गेलें. त्यांत ज्याँ द्रेझ यांचा भारतांतील दुष्काळनिवारणावरील १९९० चा प्रबंध आम्ही अग्रगण्य मानतों. पीक बुडूनहि मृत्युसंख्या भयंकर वाढली नाहीं, याचें कारण त्यांनीं शोधलें. मे १९७३ मध्यें सरकारी दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. हातांत मजुरी आली म्हणून बाजारांत धान्याला गिऱ्हाईक आलें, आणि गिऱ्हाईक आलें म्हणून धान्यहि आलें. शिवाय उपासाचा भार एकट्या भूमिहीनांवर न पडतां लहानमोठ्या सर्व थरांत वांटला गेला, असें त्यांनीं खर्चाच्या आंकड्यांवरून दाखविलें. कामें मिळालीं तींहि केवळ सरकारच्या दयेनें मिळालीं नाहींत. लोकांनीं मोर्चे काढून तीं मागितलीं, हें ते विसरत नाहींत. दात्याच्या कथांवर वाढलेल्या वाचकास हा प्रबंध डोळ्यांत अंजन घालणारा वाटेल.

आम्ही त्या वेळीं शाळकरी वयाचे होतों. मिलो नांवाच्या तांबड्या परदेशी ज्वारीची भाकरी व कामावर वांटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. खडी फोडणाऱ्या बायांचे हात आम्हीं पाहिले आहेत. म्हणून द्रेझ यांचें प्रमेय मान्य करतांनाच एक उणीवहि दाखवावीशी वाटते. त्यांचा मुख्य प्रश्न मरण टळलें कसें हा आहे. खडीच्या कामावरून घरीं परतलेल्या कुणब्यानें १९७४ साल कसें काढलें, विकलेली बैलजोडी पुन्हा आली कीं नाहीं, जमीन गहाण पडली ती सुटली कीं नाहीं, हें त्या प्रबंधाच्या कक्षेबाहेर राहतें. राज्य व जिल्हा हीं त्यांचीं परिमाणें. घर व दावण हीं नव्हत. चार उपायांपैकीं दुसऱ्याचें, म्हणजे अन्नासाठीं कामाचें, याहून सरस विवेचन आम्हीं वाचलेलें नाहीं. पहिल्यांतील बीज मात्र येथेंहि नजरेआड राहिलें.

त्या दुष्काळानें एक चिरस्थायी वस्तु मागें ठेवली, ती म्हणजे रोजगार हमी. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं सांगली जिल्ह्यांत १९६५ त लहान प्रमाणावर केलेला प्रयोग दुष्काळांत राज्यभर नेला गेला. १९७७ त त्याचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. २००५ त केंद्रानेंहि त्या धर्तीवर कायदा केला. दामाजीपंतांच्या कोठारापासून येथपर्यंत पडलेलें अंतर फार मोठें आहे. कोठार उघडणें न उघडणें हें उघडणाराच्या मनावर असतें. काम मागणें हा मागणाराचा हक्क झाला. ज्याला मागतां येतें त्याची कांहीं तवानगी शिल्लक आहे असें समजावें.

अगदीं अलीकडील लेखनांत कडवंचीचें नांव वारंवार येतें. जालना तालुक्यांतील या गांवीं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत, जर्मन साहाय्य व खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राचें मार्गदर्शन यांच्या बळावर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचें काम झालें. डोंगरउतारावर समतल चर, शेतांस बांधबंदिस्ती, नाल्यांवर बंधारे अशा क्रमानें माती व पाणी अडविलें गेलें. पुढें शेततळीं व द्राक्षबागा आल्या. २०१२ च्या अवर्षणांत जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा शेंकड्यांनीं वाळल्या. कडवंचीचे मळे मात्र तगले. यावर ज्या यशोगाथा लिहिल्या गेल्या त्यांत श्रेय योग्य ठिकाणीं दिलें आहे. दुष्काळापूर्वीं पंधरा वर्षें केलेलें काम दुष्काळांत उपयोगी पडलें, हीच त्यांतील खरी शिकवण. आणि बीज म्हणजे केवळ दाणा नसून त्याखालील ओल व मातीहि होय, हें त्यांनीं पटवून दिलें.

परंतु यशोगाथा हा दातृकथेचाच नवा अवतार होऊं पाहत आहे. दात्याच्या जागीं आदर्श गांव आलें, इतकेंच. शेततळें पावसाच्या वाहत्या पाण्यानें भरावयाचें. तें विहिरीचें पाणी उपसून, प्लास्टिक अंथरून भरण्याची चाल राज्यांत अनेक ठिकाणीं पडली आहे. जें पाणी भुईखालीं सर्वांचें होतें तें उन्हांत एकाचें होतें, आणि त्यांतला वांटा सूर्यहि घेतो. ज्याला जमीनच नाहीं त्याचें शेततळें कोठें व्हावयाचें? बागेवर मजुरी मिळते हें खरें. पण गांव तगलें असें लिहितांना गांव म्हणजे कोण, याचा खुलासा लेखकानें केलाच पाहिजे. कडवंचीस कमीपणा आणण्याचा यांत हेतु नाहीं. जें गांव खरोखर उभें राहिलें त्याचेंच कठोर परीक्षण उपयोगी पडतें.

राहिला चौथा उपाय, अन्य प्रदेशीं जाण्याचा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर हंगामास ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडें हलतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची व ती कोयत्यानें फेडावयाची. दुष्काळविषयक लेखनांत स्थलांतर हें सरसकट पराभवाचें लक्षण मानलें जातें. आम्हांस तसें वाटत नाहीं. जुन्या काळीं परागंदा वतनदारास एक आधार असे : तो दूर गेला तरी वतन बुडत नसे, आणि परतल्यावर गोतसभेपुढें पुरावा देऊन तो आपली जागा मागत असे. उपऱ्यास तो आधार नव्हता. जाणें हें संकट नाहीं. परतण्यास जागा नसणें हें संकट आहे. ऊसतोडीवर जाणाऱ्या बिऱ्हाडांपैकीं वतनदार किती व उपरे किती, याचा हिशेब जोंपर्यंत कोणी मांडीत नाहीं, तोंपर्यंत या जिल्ह्याच्या तवानगीविषयीं निश्चयानें बोलतां येणार नाहीं.

एकंदरींत पाहतां आपल्या लेखनांत मरणाची गणना आहे, दानाची स्तुति आहे, आणि अलीकडे कामाचें व पाण्याचें शास्त्रहि आहे. दुष्काळानंतरच्या वर्षाचें दप्तर मात्र कोरें आहे. तें भरण्याचीं साधनें दूर नाहींत. तगाईच्या नोंदवह्या, १९७२–७३ चे हजेरीपट, सोसायट्यांचीं कर्जखातीं, गहाणखतें, जनावरांच्या बाजाराच्या पावत्या, असे कागद तालुक्याच्या कचेऱ्यांत व घरांच्या माळ्यांवर असावेत. अल्पमुदतीचे कागद मुदत भरतांच नष्ट करण्याची सरकारी रीति आहे, आणि ज्यांनीं त्या वर्षीं खडी फोडली त्यांपैकीं जे हयात आहेत ते साठी-सत्तरीच्या पुढें गेले आहेत. शिवकालीन एका पत्रासाठीं आम्ही संशोधक पायपीट करतों तें योग्यच आहे. पण पन्नास वर्षांपूर्वींचा हजेरीपट हाहि उद्यांचा ऐतिहासिक कागदच होय. जालना जिल्ह्यांतील ज्या वाचकांच्या संग्रहीं असले कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी, आणि ज्यांच्या घरीं त्या काळचीं वडीलधारीं माणसें आहेत त्यांनीं १९७४ सालीं पेरणी कशी झाली एवढें तरी त्यांस विचारून लिहून ठेवावें.